कळसूबाईहून ठेंगणे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ लुइस नावाचं गाव आहे. भोवती खडूच्या गवताळ टेकड्या. गावाला लागूनच क्लिफ हिल, तिचा माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम 164 मीटर. 1836च्या नाताळात तिथे वादळ झालं आणि बर्फ पडत राहिला. वाऱ्याने टेकडीवरचा बर्फ हाकत आणून गावाकडच्या कड्यावर साठवला, इतका की कड्याच्या पुढे अधांतरी त्याचा छज्जा तयार झाला. गिर्यारोहक त्याला कॉर्निस म्हणतात. कड्याखाली बोल्डर रो नावाची मजुरांच्या घरांची ओळ होती. 26 डिसेंबरच्या संध्याकाळी थोडा बर्फ जवळच्या लाकडाच्या वखारीवर कोसळला. घरं सोडा, असं लोकांनी त्या कुटुंबांना सांगून पाहिलं. पण ऐन थंडीत बिऱ्हाड उचलून जायचं कुठे? ती गेली नाहीत. 27 तारखेच्या सकाळी सगळा छज्जा खाली आला. घरांसकट 15 माणसं गाडली गेली. सात जिवंत निघाली, आठ गेली.

ब्रिटनमध्ये एका हिमस्खलनात इतके बळी गेल्याची दुसरी नोंद नाही. पुढे त्या जागेवर पब उभा राहिला. त्याचं नाव 'स्नोड्रॉप', आणि तो आजही तिथे आहे.

हिमस्खलन म्हटलं की आपल्याला सियाचीन आठवतं, एव्हरेस्टचा खुंबू हिमप्रपात आठवतो. ही सात-आठ हजार मीटरवाल्यांची भानगड आहे, आपण डिसेंबरात चार दिवसांची रजा टाकून जातो त्या ट्रेकचा तिच्याशी काय संबंध, असं आपण मनाशी धरून चालतो. पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये ही समजूत इतकी मुरलेली आहे की बर्फाच्या ट्रेकची चौकशी करणारा पहिला प्रश्न उंचीचाच विचारतो. किती फूट? बारा हजार? मग ठीक आहे. मला हा प्रश्नच धोक्याचा वाटतो, आणि तो का, हे सांगण्यासाठी ज्या डोंगरांकडे बघून कुणालाही धडकी भरणार नाही असे डोंगर मी या लेखासाठी घेतले आहेत.

स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस हा ब्रिटनचा सर्वांत उंच डोंगर 1,345 मीटरचा आहे. आपला कळसूबाई 1,646 मीटर. तोरणासुद्धा 1,403 मीटर भरतो. पोलंड आणि चेकियाच्या सीमेवरच्या कर्कोनोशे रांगेतलं सर्वोच्च शिखर स्न्येश्का 1,603 मीटर, म्हणजे तेही कळसूबाईहून ठेंगणं. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातला माउंट वॉशिंग्टन तेवढा 1,917 मीटरपर्यंत जातो. यांतले हे परदेशी डोंगर हिवाळ्यात माणसं मारतात आणि त्यांतली कित्येक माणसं बर्फाखाली सापडून मरतात. 12 मार्च 2019 रोजी बेन नेव्हिसच्या नंबर फाइव्ह गली या घळीत तीन गिर्यारोहक हिमस्खलनात गेले. ते फ्रान्स आणि स्वित्झर्लंडचे होते. आल्प्स ज्यांच्या अंगणात आहे अशा देशांतली माणसं एका 'छोट्या' डोंगरावर गेली.

हिमस्खलनाला उंची लागत नाही. त्याला लागतो उतार, त्या उतारावर थरांनी साचलेला बर्फ आणि ते थर एकमेकांना नीट चिकटलेले नसणं. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सौम्य उतारावर बर्फ बसून राहतो, फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही, पडेल तसा गळून जातो. आणि नेमका 30 ते 45 अंशांचा उतार माणसाला चढावासा वाटतो. पायाखाली दम लागण्याइतका चढ असतो, पण हाताने दगड धरायची वेळ येत नाही. सह्याद्रीत अशा उताराला आपण अवघड म्हणणारही नाही.

आता वारा. ठेंगण्या डोंगरांचं खरं हत्यार वाराच आहे. स्कॉटलंडवर अटलांटिकची वादळं एकामागून एक येऊन आदळतात. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावरच्या वेधशाळेत 12 एप्रिल 1934 रोजी ताशी 372 किलोमीटर वेगाचा झोत मोजला गेला होता, आणि तो विक्रम अनेक दशकं टिकला. असा वारा पठारावरचा बर्फ उचलतो, त्याच्या नाजूक पाकळ्या रगडून बारीक चुरा करतो आणि डोंगराच्या आडोशाच्या बाजूला नेऊन घट्ट दाबून बसवतो. आभाळातून एक कणही पडत नसताना एखाद्या उतारावर तासाभरात बर्फाची जाड लादी तयार होऊ शकते. म्हणून 'काल तर बर्फ पडलाच नव्हता' या वाक्याला काही अर्थ नाही. वारा कुठून कुठे वाहिला, हे विचारायला हवं.

ही लादी दिसायला देखणी असते. गुळगुळीत, खडूसारखी मंद पांढरी, चालायला बरी. पाऊल तिच्यात फार रुतत नाही, त्यामुळे माणसाला हायसंच वाटतं. पण ती कशावर बसली आहे हे वरून दिसत नाही. खाली आधीच्या आठवड्यात वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा कडक बर्फ असेल, तर तिला धरून ठेवणारं फारसं काही नसतं. कधी मध्ये साबुदाण्यासारख्या गोल हिमकणांचा थर दबलेला असतो आणि त्या कणांवरून अख्खी लादी सरकायला तयारच असते. माणूस तिच्या मधोमध येतो. त्याच्या वजनाने खालचा कच्चा थर बसतो, तो बसल्याचा 'धप्प' असा दबका आवाज कधी कधी ऐकू येतो, आणि मग भेग डोंगराच्या अंगावरून माणूस पळेल त्याच्या कितीतरी पट वेगाने धावते. लादी वरून तुटते, त्या वेळी तो माणूस तिच्यावरच उभा असतो. हिमस्खलनात सापडणाऱ्या दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत ते सुरू करणारा तो स्वतः किंवा त्याच्याच गटातलं कुणीतरी असतं. डोंगर अचानक कोपला, असं आपण बातमीत वाचतो. बहुतेक वेळा त्याला आपणच पायाने डिवचलेलं असतं.

स्कॉटलंडात हा कच्चा थर शोधायचं काम रोज होतं. हिमस्खलनाची माहिती देणारी तिथली सार्वजनिक सेवा लॉकाबर, ग्लेन्को, टॉरिडन, क्रेग मेगी आणि केर्नगॉर्मचा उत्तर व दक्षिण भाग अशा सहा भागांसाठी हिवाळाभर रोजचा अहवाल काढते. तिचे निरीक्षक सकाळी पाठीवर फावडं घेऊन वर जातात. ज्या उताराची शंका आहे त्याच दिशेचा, तशाच उंचीचा, पण सुटला तरी कुणाला गाडणार नाही असा लहानसा उतार ते निवडतात आणि तिथे खड्डा खणतात. खड्ड्याची डोंगराकडची भिंत तासून सपाट केली की हिवाळ्याचा इतिहास थरांत दिसतो. मग एकेका थरात मूठ घुसते का ते पाहायचं. मूठ नाही तर चार बोटं, ती नाही तर एक बोट, नाहीतर पेन्सिल, आणि पेन्सिलही नाही तर सुरी. वरचा थर सुरीइतका कडक आणि त्याखालचा मुठीइतका मऊ निघाला तर कपाळावर आठी पडायलाच हवी. थर्मामीटर खुपसून तापमानं घ्यायची. शेवटी 30 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब चहूबाजूंनी मोकळा कापायचा, त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि ठोकायचं. दहा टपल्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या टपलीला खांब तुटला आणि तुटलेला तुकडा किती सफाईने पुढे सरकला, हे वहीत लिहायचं. मनगटाच्या तिसऱ्या-चौथ्या टपलीलाच तुकडा अलगद पुढे आला, तर त्या बाजूच्या उतारावर माणसाचं वजन पेलणार नाही, हे उघड आहे.

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दिवसाचा अहवाल तयार होतो. त्यात दिशांचं एक वर्तुळ असतं. कोणत्या दिशेच्या उतारावर, किती उंचीच्या वर, किती धोका, हे त्यात रंगाने दाखवलेलं असतं. म्हणजे उद्या ईशान्येच्या घळी टाळा, नैर्ऋत्येच्या सोंडेवरून जा, इतका नेमका निर्णय घरी बसून घेता येतो. तोही फुकट, कळसूबाईहून ठेंगण्या डोंगरांसाठी. मला या गोष्टीचा हेवा वाटतो.

अर्थात अहवाल असूनही माणसं जातात. 19 जानेवारी 2013 रोजी ग्लेन्कोतल्या 1,150 मीटरच्या बिडियन नाम बियनवरून सहा जण उतरत होते. उतार सुटला, पाच जण वाहून गेले, त्यांतल्या चौघांचा मृत्यू झाला. महिना उलटायच्या आत, 14 फेब्रुवारीला, केर्नगॉर्ममधल्या शॅलमेन गॅपमध्ये तिघं गेले. ही सुमारे 700 मीटरवरची दगडगोट्यांनी भरलेली अरुंद खिंड आहे, माथेरानपेक्षाही खाली. उन्हाळ्यात तिथून कुणीही चालत जातं. पण अशा खिंडीत दोन्ही बाजूंचा बर्फ उतरला की त्याला पसरायला जागा नसते, थोडा बर्फही माणसावर खोल साचतो. त्याआधी जानेवारी 2009 मध्ये ब्युअखल एटिव्ह मोर या पोस्टकार्डांवर हमखास दिसणाऱ्या डोंगरावर तिघांचा बळी गेला होता.

यातला एक धागा आपल्याकडच्या प्रस्तरारोहकांनी नीट पाहावा. हिवाळी चढाई करणारा जीव मुठीत धरतो तो कड्यावर. तिथे दोर असतो, मेखा असतात, मन एकाग्र असतं. पण हिमस्खलन त्याला गाठतं ते बहुधा कड्याच्या पायथ्याशी जाणाऱ्या उतारावर, किंवा चढाई संपल्यावर, गप्पा मारत उतरताना. स्कॉटलंडचे बर्फाळ कडे प्रामुख्याने उत्तर आणि पूर्वेकडे तोंड असलेल्या, जुन्या हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत आहेत. तिथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा. म्हणजे चढाईला जी बाजू उत्तम, तिथेच वारा लाद्या रचतो आणि माथ्यावर कॉर्निस बांधतो. ज्या टप्प्याला चढाईत कुणी गिनतही नाही, तिथेच आडवं जाताना माणूस सापडतो.

या डोंगरांना असल्या मृत्यूंची जुनी ओळख आहे. जानेवारी 1800 मध्ये गाइकच्या रानात शिकारीला गेलेला कॅप्टन जॉन मॅकफर्सन आणि त्याचे चार सोबती दगडी झोपडीत झोपले असताना हिमस्खलनाने झोपडीसकट चिरडले गेले. त्या काळच्या लोकांना हे इतकं अशक्य वाटलं की त्यांनी हे सैतानाचं काम असल्याची कथा रचली.

पोलंडमधल्या कार्पाच गावाजवळ, स्न्येश्काच्या परिसरात, ब्यावी यार नावाची घळ आहे. 20 मार्च 1968 रोजी तिच्या तळातून पर्यटक चालले होते. गिर्यारोहक नव्हते ते, सहलीला आलेली माणसं. वरून आलेल्या बर्फाने त्यांतल्या 19 जणांना नेलं. पोलंडच्या डोंगरांतलं हे सर्वांत मोठं हिमस्खलन-संकट. त्याआधी 8 फेब्रुवारी 1909 रोजी तात्रा पर्वतात मिएचिस्वाव कार्वोविच हा तरुण संगीतकार एकटाच स्कीवरून जाताना बर्फाखाली गेला. त्या मृत्यूने देश हळहळला आणि त्याच वर्षी तात्रातलं स्वयंसेवी बचाव पथक स्थापन झालं. ते आजही काम करतं.

बचावाचा विषय निघाल्यावर अल्बर्ट डाउबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. जानेवारी 1982 मध्ये दोन तरुण गिर्यारोहक माउंट वॉशिंग्टनवर हंटिंग्टन रॅव्हिनमधली बर्फाची घळ चढून गेले आणि माथ्याकडच्या वादळात वाट चुकले. त्यांना शोधायला निघालेल्या स्वयंसेवकांत 28 वर्षांचा डाउ होता. 25 जानेवारीला शोध घेता घेताच तो हिमस्खलनात सापडला आणि मरण पावला. ज्यांना तो शोधत होता ते दोघंही नंतर जिवंत सापडले. त्यांतल्या ह्यू हर या 17 वर्षांच्या मुलाचे दोन्ही पाय हिमदंशामुळे गुडघ्याखाली कापावे लागले. हर पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक झाला आणि कृत्रिम पायांच्या संशोधनात जगभर नावाजला गेला, स्वतः पुन्हा कडेही चढू लागला. त्याच्या कर्तृत्वाच्या कथा सगळीकडे सांगितल्या जातात. ज्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता आणि जो केवळ कुणीतरी हरवलंय म्हणून वादळात बाहेर पडला, त्या डाउचं नाव त्या कथांमध्ये शेवटी कुठेतरी येतं. ते आधी यायला हवं. आपल्याकडे लोणावळ्यापासून महाबळेश्वरापर्यंत रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरणारे बचाव पथकांतले तरुण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. वर जाणाऱ्याची चूक नेहमी त्याच्या एकट्याच्याच जिवावर बेतत नाही.

आणि बर्फाच्या बाबतीत बचाव पथक बहुधा वेळेवर पोचूच शकत नाही. 1994 मध्ये 'नेचर'मध्ये स्वित्झर्लंडच्या नोंदींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढलेले दहांत नऊहून अधिक वाचत होते. 35 मिनिटांना हे प्रमाण तीनावर येत होतं. वाहता बर्फ थांबला की काही क्षणांत घट्ट होतो. गाडलेल्याला बोट हलवता येत नाही, तोंडाभोवतीचा बर्फ त्याच्याच श्वासाने वितळून गोठतो आणि हवा बंद होते. म्हणजे वाचवणार ते सोबत असलेलेच, तेही त्यांच्याकडे 457 किलोहर्ट्झवर चालणारा, गाडलेल्याचा ठावठिकाणा दाखवणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून पाहायची लांब प्रोब आणि धातूचं फावडं असेल तर, आणि ते वापरायचा सराव असेल तर. काठीने आणि हाताने उकरून 15 मिनिटांत माणूस निघत नाही. ठेंगण्या डोंगरांत आणखी एक वाईट गोष्ट असते. तिथे बर्फ खडकांवरून वाहतो, त्यामुळे गुदमरण्याआधी आपटूनच जीव जायची शक्यता मोठी.

हे सगळं पुस्तकांत आहे, शिबिरांत शिकवतात. तरी शिकलेली माणसं का जातात? अमेरिकेतले इयन मॅकॅमन यांनी मनोरंजनासाठी डोंगरात गेलेल्यांचे शेकडो हिमस्खलन-अपघात तपासले. त्यांत सापडलेल्यांत प्रशिक्षित लोक पुष्कळ होते आणि धोक्याच्या खुणा बहुतेक ठिकाणी डोळ्यांपुढे होत्या. उतार ओळखीचा असतो, मागच्या वर्षी काही झालेलं नसतं. पुढे कुणाच्या तरी पावलांचे ठसे असतात. गटात एक 'जाणता' असतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघतात. आणि इतकं लांब आलोय तर माथा गाठायचाच असतो. यात स्कॉटलंड आणि सह्याद्री असा काही फरक नाही. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने पावसाळ्यात वर चढताना 'आता मागे कुठे फिरायचं' असं जो म्हणतो, तो बर्फातही हेच म्हणणार.

आपण अहवाल वाचतो तेव्हाही मन चकवतं. युरोपातली धोक्याची पट्टी पाच पायऱ्यांची आहे. तिसरी पायरी मधली, म्हणून ती 'बरी' वाटते. प्रत्यक्षात धोका पायरीगणिक पटीने वाढतो. चार आणि पाचला लोक घरी बसतात. माणसं जास्त मरतात ती तीनला, आभाळ निवळून ऊन पडलेलं असताना.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात उत्तराखंडकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. सांकरीहून 3,810 मीटरच्या केदारकंठाला जाणारी वाट बरीचशी जंगलातून आणि धारेवरून जाते आणि म्हणूनच ती बर्फाच्या पहिल्या ट्रेकला चांगली मानली जाते. धार सोडली नाही तोवर ते खरंही आहे. पण माथ्यावरून उतरताना बर्फावर बसून घसरत जायची हौस बहुतेकांना असते, आणि घसरायला मजा येते तो उतार कोणता, हे वर लिहिलेलंच आहे. डिसेंबरात तिथे बर्फ पातळ असतो आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या. पातळ बर्फ आणि कडक थंडी एकत्र आली की सावलीतल्या उतारांवर तळाचा बर्फ सुट्या, कोरड्या, टोकदार दाण्यांचा बनतो. जानेवारीत पश्चिमी विक्षोभ येऊन त्यावर दोन-तीन फुटांचं ओझं टाकतो. नेमकं त्यानंतर ट्रेक आयोजकांचे फोन खणखणतात, कारण 'फ्रेश स्नो' पडलेला असतो.

4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा होता, माणसं पंधराव्या मैलापर्यंत गेली होती. बर्फात खेळायला.

आपल्याकडे शास्त्र नाही असं मुळीच नाही. हिमस्खलनांच्या अभ्यासासाठी मनालीत 1969 पासून संस्था काम करत होती. 2020 मध्ये तिचं रूपांतर संरक्षण खात्याच्या डीजीआरई या चंदीगडच्या संस्थेत झालं. ती काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडसाठी इशारे काढते. पण सामान्य माणसाच्या हाती त्यातलं येतं ते अमुक जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर धोका, एवढंच. जिल्हा केवढा, त्यातले उतार किती, वारा कुठल्या अंगाने आला? लष्कराच्या चौक्यांसाठी सुरू झालेलं हे काम सांकरीच्या चहाच्या टपरीवर लावता येईल अशा एका पानावर, दिशांच्या वर्तुळासह, यायला हवं. त्यासाठी गिर्यारोहण संस्थांनी आवाज उठवायला हवा, आणि महाराष्ट्रातल्या संस्थांनी तर नक्कीच, कारण तिथे जाणाऱ्यांत आपण पुष्कळ आहोत.

तोवर आयोजकाला फोन कराल तेव्हा उंची विचारू नका. वाट 30 अंशांपेक्षा उभ्या उताराच्या कुठल्या भागावरून किंवा त्याच्या खालून जाते ते विचारा. तुम्ही सपाटीवर असाल, पण डोक्यावरचा उतार तुम्हाला गाठू शकतो. उतार मोजायचं साधं ॲप मोबाइलवर मिळतं. तिथे एकेक करून, अंतर ठेवून पाठवता का? माघार कोण ठरवतं, तळावरचा स्थानिक वाटाड्या की पुण्यातला ऑफिसवाला? शेवटचा प्रश्न पैशांचा आहे आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले 24 ते 48 तास सर्वांत वाईट असतात. पण आपली रजा मोजून घेतलेली असते, देहरादूनहून परतीच्या गाडीचं तिकीट तीन महिने आधी काढलेलं असतं आणि सहा दिवसांच्या ट्रेकमध्ये एक दिवसही मोकळा नसतो. मग लीडर कितीही शहाणा असला तरी त्याच्या मागे 20 जणांचं तिकीट उभं असतं. वेळापत्रकात दोन राखीव दिवस असावेत, त्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च फीमध्ये आधीच धरलेला असावा आणि ते दिवस वापरावे लागले नाहीत तर पैसे परत मिळावेत. अशी फी दुसऱ्या आयोजकापेक्षा दोन-तीन हजारांनी जास्त असेल. ती द्यावी.